सगळ्यांचे अंगठे वर

माझी नगरसेवकपदाची मुदत संपून बरीच वर्षं झाली, पण वॉर्डाचा मोबाईलवरचा ग्रुप अजून चालूच आहे. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, आणि ग्रुपवर रोज सकाळी सहापासून फुलांची चित्रं पडत राहिली. कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाच्या घरची तेरवी, एखाद्या बंद दिव्याचा फोटो आणि खाली ‘ताई, लक्ष द्या’. मी आता कुणाचीच नगरसेविका नाही हे मी दोनदा लिहून सांगितलं. दोन्ही वेळा लोकांनी अंगठा वर केला आणि चार दिवसांनी पुन्हा तुंबलेल्या नालीचा फोटो टाकला. बंद करून टाक म्हणून नवरा मागे लागतो. करणार आहे मी, पण अजून झालेलं नाही.

आमचं शहर म्हणायला शहर. वैनगंगेच्या काठावर दोन चौक, एक बसस्टँड, आणि वस्ती संपली की लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमचा जिल्हा अर्धा झाला, साहेब अर्धे झाले, कामं मात्र होती तेवढीच राहिली. माझा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला तेव्हा मी शिवणक्लास चालवत होते. वरच्या आळीत मास्तर, बँकेतले, पेन्शनवाले. खालच्या वस्तीत मजुरी करणारी घरं, त्यातली काही गोसीखुर्दच्या धरणात गाव गेल्यावर इकडे येऊन राहिलेली. दोन्हीकडच्या बायकांचे ब्लाऊज मी शिवले होते, त्यामुळे मापं सगळ्यांची ठाऊक होती. तेवढ्या भांडवलावर मी निवडून आले.

निवडून आल्यावर जो तो विचारायचा, “काम तर भाऊच पाहतील नं?” भाऊ म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे बाई निवडून येते आणि कारभार नवरा हाकतो, हे इतकं ठरलेलं की त्याच्या नावाची पाटीसुद्धा लोक लावून टाकतात. मला त्याचा संताप यायचा. नवरा बिचारा तसा नव्हता, पण चहाच्या टपरीवर लोक त्यालाच गाठायचे, आणि तोही भिडस्त, सगळ्यांना हो म्हणून यायचा. मग रात्रीच्या जेवणाला मला कळायचं की मी अमुक ठिकाणी दिवा लावून देणार आहे.

अशातच भंडाऱ्याला एक प्रशिक्षण झालं. एका हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना बसवलं, आणि नागपूरहून आलेल्या एका तरुण माणसाने पडद्यावर चित्रं दाखवत समजावलं की नगरसेवकाने लोकांशी ऑनलाईन कसं जोडून घ्यावं. ग्रुप करा, लाईव्ह या, प्रश्न टाका, लोक उत्तर देतील, त्याप्रमाणे निर्णय घ्या. बाकीचे अर्धे पान खायला बाहेर गेले होते. मी शिवणक्लासच्या वहीत सगळं उतरवून घेत होते. मला त्यात एकच गोष्ट दिसत होती. मोबाईल माझ्या हातात राहील. लोकांना माझ्याशी बोलायला नवऱ्याची टपरी लागणार नाही.

ग्रुप केला. एकेका घरातून एकेक नंबर घेतला. पहिल्या आठवड्यात मी लाईव्हसुद्धा आले; ओट्यावर मोबाईल टेकवून वॉर्डाच्या विकासावर वीस मिनिटं बोलले. बघणारी एकटी तुमसरची माझी नणंद. तिने खाली लिहिलं, “वहिनी, मागं कुकर शिट्ट्या देऊन राहिला.” लाईव्हचा नाद मी तिथेच सोडला.

प्रश्नांचं मात्र जमलं. ‘हो असेल तर अंगठा वर, नाही असेल तर अंगठा खाली.’ समाजमंदिरासमोर बाक ठेवायचा का? सगळ्यांचे अंगठे वर. नालीवर जाळी बसवायची का? सगळ्यांचे अंगठे वर. आमच्या वॉर्डात एक निवृत्त गुरुजी आहेत. ग्रुपवर काही पडलं की मिनिटभरात त्यांचा अंगठा यायचा, आणि मग एकामागून एक बाकीचे. मी तो मोबाईल सभेत टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, माझ्या वॉर्डाचा पूर्ण पाठिंबा आहे. शेजारच्या वॉर्डातले एक जुने नगरसेवक एकदा हसून म्हणाले, “ताई, माझ्या वॉर्डात दोन सख्खे भाऊ एका गोष्टीले हो नाही म्हनत. तुमच्याकडे सारेच हो? काहीतरी गडबड हाय.” मला वाटलं, जळतोय. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला हे चवीने सांगितलं होतं, हे आठवलं की अजून कान तापतात.

आता पाण्याचं. आमच्याकडे नळ पहाटे साडेपाचला यायचा, पाऊण तास. वरच्या आळीतल्या बायका माझ्याजवळ कुरकुरायच्या, की पोरांचे डबे, पाणी, सगळं एकदम येतं, झोप होत नाही. नळ आठला सोडला तर बरं. खरं सांगायचं तर साडेपाचला उठायचा मलाही कंटाळा. माझा स्वतःचा नळ होता, गच्चीवर टाकी होती, तरी खालची मोटर चालू करायला कुणीतरी उठावंच लागायचं आणि ते कुणीतरी मीच असायचे. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, वॉर्डाची मागणी असेल तर आमची हरकत नाही. म्हणून मी ग्रुपवर टाकलं, ‘नळ सकाळी साडेपाचऐवजी आठ वाजता सोडावा का?’

गुरुजींचा अंगठा वर. मग सगळ्यांचे. खालच्या वस्तीतल्या एका मजूर मावशीचासुद्धा. तिचं नाव पाहिलं आणि मला विशेष आनंद झाला, कारण तिला तो मोबाईल तिच्या लेकीने नुकताच घेऊन दिला होता, काचेला तडा गेलेला, आणि ग्रुपवर कसं दिसतं, अंगठा कुठे दाबायचा, हे मीच तिच्या ओट्यावर बसून तिला शिकवलं होतं. मावशीला अक्षर येत नव्हतं. शेजारची सून तिला प्रश्न वाचून दाखवायची आणि उत्तर मावशी स्वतः द्यायची. मी तर सभेत तिचं उदाहरण सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यापासून पाणी आठला यायला लागलं, आणि मी सहापर्यंत झोपायला लागले.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. आमच्या खालच्या वस्तीतल्या बायका रोवणीला टोळी करून जातात. शेतकऱ्याशी एकरावर ठरतं, त्याला गुत्ता म्हणतात. जितक्या बाया ठरल्या तितक्या रोज जायच्या, आणि येणारं सगळ्यांत सारखं वाटायचं. म्हणून टोळीत उशीर चालत नाही. गाडी सातला चौकातून निघते. एखादी तीन दिवस चुकली की तिच्या जागी दुसरी घेतात, आणि रोवणीला जी टोळी असते तीच पुढे कापणीला, बांधणीला जाते. जागा गेली ती वर्षाची गेली. हे मला माहीत होतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पाण्याच्या वेळेशी त्याचा संबंध मात्र मी लावला नाही.

मच्छरांच्या औषधाची फवारणी बघायला म्हणून मी एका दुपारी खाली गेले, तर मावशी घरीच. ओट्यावर नवऱ्याची गोधडी वाळत घालत होती. नवरा दोन वर्षांपासून खाटेवर. एक अंग लुळं पडलेलं, सगळं जागेवरच.

“मावशी, काहून वो, आज सुटी?”

“सुटीच हाय आता, ताई. गाडी निंगून जाते नं.”

“मंग लवकर नाही जाऊन राहिल्या का?”

“पानी आठले येऊन राहिलं. म्हाताऱ्याले धुवाले चार गुंड पानी लागते. मी गेली तं कोन भरन? पयल्या दिवशी थांबली, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी बोरिंगवरून आनाले गेली, तं लालच पानी, थेबी नंबर लागे लागेपर्यंत गाडी गेली. तिसऱ्या दिवशी त्याइनं दुसरी बाई घेतली.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गोधडीचं टोक झटकत ती हे सांगत होती, आणि मी फवारणीवाल्या माणसाला पुढच्या घराकडे जा म्हणून हाताने खुणावलं.

“पन मावशी, तुमी अंगठा वर केला होता नं? मी सोता पाहिला.”

“हो, केला नं.”

“काहून केला मंग? तुमच्या घरची अशी गत, तुमाले तं नाही म्हनाले पायजे होतं.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लहान पोरासारखं काही विचारलं.

“तुमी इचारलं नं, ताई. आता तुमाले खाली अंगठा कसा दाखवाव? बरं दिसते का?” मग थोडं थांबून म्हणाली, “अन् गुरुजीचा वर होता. शेजारच्या सुनेचा वर होता. मी एकटी काय मोठी लागून गेली. गाव उठलं तवाबी सायबानं असंच इचारलं होतं, सारे अंगठा देऊन राहिले होते, आमीबी देल्ला. इचारनाऱ्याले कोन नाही म्हनते, बाई.”

धरणात तिची दीड एकर बांधी गेली होती, हे मला तिच्या लेकीकडून ठाऊक होतं. स्वतःच्या बांधीत धानाचे पऱ्हे रोवणारी बाई इथे दुसऱ्याच्या बांधीत रोवायला जायची, आणि आता तेही माझ्यामुळे गेलं. मला लाज वाटली. नुसती लाज नाही, रागही आला, आणि तो आधी तिचाच आला, हे कबूल करते. एक अंगठा खाली केला असता तर काय बिघडलं असतं? घरी येईपर्यंत तो राग वळून जिथे यायचा तिथे आला.

रात्री मी ग्रुप उघडून मागचे सगळे प्रश्न पाहिले. बाक, जाळी, दिवा, पाणी. एकही अंगठा खाली नव्हता. समाजमंदिरासमोरच्या बाकालासुद्धा सगळ्यांनी हो म्हटलं होतं, आणि त्यावर रिकामटेकडी पोरं बसतात म्हणून शेजारच्या दोन घरांनी खिडक्या बंद ठेवायला सुरुवात केली होती. त्या दोन घरांचेही अंगठे वर. आमच्याकडे ‘आणखी वाढू का’ विचारलं तर पाहुण्यालाही नाही म्हणवत नाही, आणि मी त्यांच्याकडून नगरसेविकेला तोंडावर, साऱ्या वॉर्डासमोर, नावानिशी नाही म्हणवून घ्यायला निघाले होते. ज्या भिडेपायी मी नवऱ्याला बोल लावायचे, ती साऱ्या वॉर्डात होती. घरी बसून उंटावरून शेळ्या हाकत होते मी, आणि शेळ्या हो हो म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी जो शहाणपणा केला तो तर कळसच. ग्रुपवर नवा प्रश्न टाकला, ‘नळ पुन्हा साडेपाच वाजता सोडावा का?’

गुरुजींचा अंगठा वर. मग सगळ्यांचे. ज्या बायकांनी माझ्याजवळ झोपेचं रडगाणं गायलं होतं, त्यांचेसुद्धा. मी दोन्ही प्रश्न घेऊन पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे गेले. त्यांनी ते दोन्ही वाचले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, “मॅडम, आठलाही हो आणि साडेपाचलाही हो. आता नळ सोडू कधी?” त्यांच्या टेबलाशी बसलेले दोघं हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार.

मग वही काढली. तीच, शिवणक्लासची. चार संध्याकाळी मी वॉर्डात दारोदार फिरले. पाय इतके दुखायचे की रात्री नवरा न सांगता तेल गरम करून द्यायचा. दारात मी एकच विचारायचे, “सकाळी साडेपाचले घरी कोन रायते, अन् आठले कोन रायते?” याला कुणाला हो म्हणता येत नव्हतं. सांगावंच लागायचं. कोण म्हणे सासू असते पण तिला उचलत नाही. कोण म्हणे आठला कुलूप. खालच्या वस्तीत बहुतेक घरी आठला एकतर कुलूप होतं, नाहीतर म्हातारं माणूस. वरच्या आळीत सगळीकडे टाक्या होत्या. गुरुजी म्हणाले, “मले काय, मी तं चारलेच उठतो. तुमचा उत्साह पाहून म्या हो म्हटलं होतं.”

नळ सोडणारा माणूस मला तिसऱ्या संध्याकाळी भेटला, सायकलला व्हॉल्व्हची लांब चावी अडकवून चाललेला. वही पाहून म्हणाला, “मले इचारलं असतं तं सांगून देल्लं असतं, ताई. कोन्या घरी किती वाजता कोन भरते, मले पाठ हाय.” ग्रुपवर त्याचा नंबर नव्हता. तो शेजारच्या वॉर्डात राहायचा, म्हणून मी घेतलाच नव्हता.

वही पाहून साहेबांनी वेळ बदलली. पण अर्ज, सही, सभा, यात दिवस जायचे ते गेलेच. नळ पुन्हा साडेपाचला आला तेव्हा रोवणी आटोपून धान पोटरीवर, लोंब्या फुटायच्या बेतात आलं होतं. वरच्या आळीत दोघी जणी माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. ग्रुपवर मात्र त्यांचे जोडलेले हात रोज यायचे.

मी मावशीकडे जायचं टाळत होते. लोकांच्या डोळ्याला डोळा देणं हेच नगरसेवकाचं काम, आणि मी तिच्या घरावरून जायच्या वेळी मोबाईल कानाला लावायचे. कापणी सुरू झाली तशी मात्र राहवेना. टोळीची जी मुख्य बाई होती तिचं घर माझ्याच वॉर्डात, तिच्या लेकीचं लग्नाचं सगळं शिवण माझ्याकडे झालेलं. मी विचार केला, तिला एक शब्द टाकला की झालं. कापणीला मावशी पुन्हा टोळीत जाईल, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरेल.

सकाळी गेले. पावणेसात वाजले असतील. मावशीने पाणी भरून ठेवलं होतं, दारात पाण्याचे गुंड ओळीने, वर फडकी. म्हाताऱ्याचं सगळं करून झालेलं, अंगण झाडलेलं. चौकातून गाडीचा आवाज येत होता, बाया एकमेकींना हाका मारत होत्या. मावशी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, आणि तो आवाज ऐकू येत नाही असं दाखवत होती.

मी उभ्याउभ्याच बोलले. मावशी, पाण्याचं आता ठीक झालं. मी टोळीवालीले सांगतो, कापनीले तुमाले घेते. माझा शब्द ते मोडनार नाही.

तिने सूप खाली ठेवलं.

“नाही, ताई.”

मला वाटलं ती संकोचतेय. मी पुन्हा म्हटलं, त्यात काही नाही, एका शब्दाचं काम आहे.

“नाही,” ती म्हणाली. “तुमी सांगान तं ते हो म्हनन. तुमाले कोन नाही म्हनते? मंग ते मोजलेल्या बायातून एक बाई काढन. माह्या जागी घेतली थे बाई याच गल्लीतली हाय. तिचाबी लेक लहान हाय. तिले काढलं, तं तिबी तुमाले काही म्हननार नाही. तुमी इचारान, तं हो म्हनन.” तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “तुमी आता काही करू नोका. मी पाहतो माह्यं.”

पाच वर्षं मी त्या वॉर्डाला विचारत होते. रस्ते विचारले, नाल्या, दिवे, पाणी, सगळं विचारलं. समोरासमोर ‘नाही’ मला त्या एका सकाळी मिळालं, आणि तेही माझ्या प्रश्नाला नाही, न विचारता मी ठरवून टाकलेल्या गोष्टीला. चौकातली गाडी निघाली. तिचा आवाज पुलाच्या अंगाने लांब जाईपर्यंत मावशी तांदळातले खडे वेचत राहिली.

मग मावशीने मान वर केली आणि विचारलं, “टोळीवालीले नाही सांगान नं, ताई?”

मी हो म्हटलं.